कोपऱ्यालगतचा हात

आप्पा म्हेत्रे मैदानाच्या कडेला उकिडवे बसले होते. पुढ्यात मांजरपाटाचे ठाण होते. कडेला दाताने चीर द्यायची आणि दोन्ही हातांनी ओढून सरळ पट्टी फाडायची, असे त्यांचे चालले होते. कापड फाटतानाचा आवाज मला आठवतो. लहानपणी तापात कान गेले, त्याआधी तो मी रोज ऐकलेला होता. त्या संध्याकाळी मात्र मला दिसले ते त्यांचे झटका देणारे खांदे आणि समोर मान खाली घालून उभे असलेले आमचे गडी.

"ह्या घ्या," आप्पा म्हणाले. "साखळी धरायची ती ह्या पट्टीनं. एक टोक ह्याच्या हातात, एक त्याच्या. कुणी कुणाच्या हाताला हात लावायचा न्हाई. सगळ्यांनीच. म्हंजे कुणा एकाला टोचायचं कारण न्हाई."

कबड्डीत समोरचा गडी चढाईला आला की बचाव करणारे एकमेकांचे हात धरून उभे राहतात. ती साखळी. तिच्याशिवाय संघ म्हणजे नुसती मोकळ्यावर उभी असलेली सात माणसे.

पहिली पट्टी उचलली ती भरमा मगदूमने. तो आमचा कप्तान. त्याने ती ताणून पाहिली आणि म्हणाला, "मजबूत हाय." मग बाकीच्यांनी उचलल्या.

रावसाहेब बुगड सगळ्यांच्या मागे उभा होता. डोक्यावर टोपी, आणि टोपीखाली केस नव्हते. थोरल्या भावाने ते वस्तऱ्याने काढले होते. जयसिंगपूरच्या एका फोटो स्टुडिओवाल्यावर रावसाहेबचा जीव जडला होता. भावाने दोघांना स्टुडिओच्या मागच्या खोलीत धरले आणि याला भर बाजारातून मारत घरी आणले. तेव्हापासून आई त्याचे ताट उंबऱ्याबाहेर ठेवत असे. घरात त्याला कुणी नावाने हाक मारत नव्हते. बोलवायचेच झाले तर "ए" म्हणत.

पण घोट्याची पकड त्याच्यासारखी तालुक्यात कुणाची नव्हती, आणि परवा अंतिम सामना होता. तो बघायला एका साखर कारखान्याची माणसे येणार होती. आपल्या संघासाठी ती दोन गडी निवडणार होती. कायमची नोकरी आणि राहायला खोली. म्हणून आप्पांना रावसाहेब हवा होता, भरमाला त्याचा हात नको होता, आणि आप्पांच्या डोक्यातून या पट्ट्या निघाल्या होत्या.

"आप्पा, मला ऐकू कसं येणार?" मी विचारले. माझा आवाज मला कळत नाही. तो मोठा निघाला असावा, कारण रस्त्यावरून जाणाऱ्या दोघांनी वळून पाहिले.

आमचे गाव यंत्रमागांचे. शेडमध्ये धोटे चालू झाले की कानवाल्यांनाही शेजारच्याचे ऐकू येत नाही. तिथे माणसे आवाज न काढता, ओठ नीट उघडमीट करून, मागाच्या या टोकाहून त्या टोकाला बोलतात. भांडतात, थट्टा करतात, लग्ने जुळवतात. त्यामुळे बहिरा म्हणून मी गावात कधी परका नव्हतो. माझ्याशी बोलायला कुणाला निराळे काही शिकावे लागले नाही. पण मैदानावर पाठमोऱ्या माणसाचे ओठ दिसत नाहीत, आणि शिट्टीला ओठ नसतात.

ती उणीव रावसाहेबने भरून काढली होती. मी डावा कोपरा सांभाळायचा. तो माझ्यालगत, माझा उजवा हात धरून. एकदा दाबले की शिट्टी झाली, थांब. दोनदा दाबले की दोघांनी एकदम झेप घ्यायची. तळव्याला नख लागले की भरमाने मागे सरायला सांगितले आहे. हे त्याने मला कधी समजावून सांगितले नव्हते. एका पावसाळ्यात तालमीच्या मातीत खेळता खेळता ते आमच्या हातांत तयार झाले होते.

"नजर ठेव की," आप्पा म्हणाले. "तुझी नजर घारीची हाय."

"शिट्टी नजरेला दिसत न्हाई, आप्पा."

"मग तूच धर जा त्याचा हात," भरमा म्हणाला. "तुझं बरं हाय लेका. लोक काय बोलतात ते तुला ऐकूच येत न्हाई." बाकीच्यांचे खांदे हलले. हसले असावेत.

"धरतो," मी म्हणालो.

"न्हाई." आप्पा उठून उभे राहिले. "एकानं धरला की बाकीच्यांचं उघडं पडतं. पट्टी म्हंजे पट्टी. माझ्या बानं हा संघ बांधलाय, सिद्राम. मला तो मोडायचा न्हाई."

रावसाहेबने दुरूनच माझ्याकडे पाहिले आणि शेडमधल्यासारखे नुसते ओठ हलवले: "असू दे. पट्टी तर पट्टी. मला परवा खेळू दे. एकदा कारखान्याची खोली मिळाली की दाराला आतनं कडी घालून झोपणार बघ. दोन दिवस उठणारच न्हाई."

पट्टी मी खिशात घालून घरी आणली. वडील जेवायला बसले होते. माझ्या खिशातून लोंबणारे टोक त्यांनी पाहिले आणि ओढून बाहेर काढले.

"हे काय?"

मी सांगितले. त्यांनी घास ताटात परत ठेवला.

"म्हेत्र्याच्या पोरानं दिली? त्या म्हेत्र्याच्या?"

"व्हय."

"तुला ठाव हाय का, तुझ्या आज्ज्याला संघात घेतलं तवा काय झालतं?"

ठाऊक होते. संघाच्या प्रत्येक वर्धापनदिनाला आप्पा ती गोष्ट सांगत आणि सांगताना माझ्या खांद्यावर हात ठेवत. पण वडिलांना ती सांगायची होती, म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

"आपल्या वाड्यातला पहिला गडी तो. मगदुमांची पोरं त्याचा हात धरीनात. मग त्यांनी तोड काढली. उपरण्याचं एक टोक त्यांच्या हातात, एक टोक तुझ्या आज्ज्याच्या. थोरल्या म्हेत्र्यानं ते उपरणं काढून घेतलं आन् शेकोटीत टाकलं. म्हणाला, ज्याला हात चालत न्हाई त्यानं घरला जावं, खेळ ह्या हातानंच हुतो." वडिलांनी पट्टी दोन बोटांत धरून उलटसुलट पाहिली. "आन् त्याच्याच पोरानं ही फाडली."

"मी पट्टी धरणार न्हाई. हात धरणार."

त्यांनी ताट बाजूला सारले. मग म्हणाले, "परवा हुपरीचे पाव्हणे येत्यात सामन्याला. पोरगी बी येणार हाय."

"येऊ देत."

"तुझ्या कानाचं त्यांना सांगितलं. पोरीचा मामा कसाबसा हो म्हणाला. ह्याच्या आधी तीन घरनं न्हाई आलंय, सिदू. आता त्यावर आनिक काही सांगायची पाळी आणू नगंस माझ्यावर."

"रावसाहेब वाईट हाय का, दादा?"

"मी कुठं तसं म्हणालो?" वडील चिडले. "ह्याच घरात जेवलाय तो. तुझ्या आईच्या हातची भाकरी मागून खाल्लीया त्यानं. मला सांगतोस व्हय?"

त्यांनी पट्टीची घडी घातली आणि ती कोनाड्यात ठेवून दिली. चूल पेटलेलीच होती.

सामन्याच्या दिवशी पंचांनी मैदानात येताच विचारले, "हातात हे काय आहे?" आप्पा पुढे होऊन काहीतरी समजावू लागले. आमच्याकडे त्यांची पाठ होती. मला दिसले ते पंचांचे उत्तर. "कापडबिपड चालणार नाही. हात धरा, नाहीतर मोकळे उभे राहा." सगळ्या पट्ट्या गोळा होऊन गुणलेखकाच्या टेबलाखाली गेल्या.

आप्पांनी भरमाकडे पाहिले. भरमाने जमिनीकडे पाहिले. मग तो आपल्या उजवीकडच्याचा हात धरून उभा राहिला, आणि त्याच्या आणि रावसाहेबच्या मध्ये एक माणूस सहज निघून जाईल एवढी फट राहिली. रावसाहेबने टोपी काढून मैदानाबाहेर टाकली. त्याच्या डोक्यावर वस्तऱ्याच्या जखमांच्या खपल्या होत्या. मी माझा उजवा हात पुढे केला.

"बघ हं," तो ओठांनी म्हणाला. "नंतर म्हणशील."

"धर."

त्याने धरला. हात घामाने ओला आणि गार होता.

पहिल्या डावात समोरच बसलेल्या लोकांचे ओठ मला दिसत होते. त्या दिवशी मैदानावर माझ्याएवढे कुणीच ऐकले नसेल. कानवाल्यांना गलका ऐकू येतो; मला एकेक माणूस निराळा दिसतो. मिसळीच्या गाडीवाला म्हणत होता, "कोपऱ्यात बघ, कोपऱ्यात." एक म्हातारा विचारत होता, "त्यो डोकं भादरलेला कोण?" एकाने दोन बोटे तोंडात घालून माझ्याकडे पाहून डोळा मारला. रावसाहेबची मान ताठ होती. त्याला तर हे सगळे एकदम, एकावर एक, ऐकू येत असणार.

पण हात बोलत होता. समोरचा चढाईपटू फटीकडे बघायचा, तिथून घुसायला पाऊल टाकायचा, आणि दोन दाब यायचे. रावसाहेब घोट्यावर, मी कमरेवर. भरमा हातभर अंतरावर उभा राहून बघायचा. पकड अर्धी झाली की सगळ्यांनी अंगावर पडायचे असते. आमच्या बाजूने कुणी पडत नव्हते. दोघांनीच ओढून आणायचे. रावसाहेबचे ढोपर सोलून निघाले. मध्यंतराला आम्ही पुढे होतो.

कारखान्याची माणसे टेबलालगत खुर्च्यांवर बसली होती. त्यांतला चष्मेवाला दुसऱ्याला म्हणाला, "तो कोपऱ्यालगतचा घ्यायचाच. लोखंड आहे." मी ते जसेच्या तसे रावसाहेबला सांगितले.

"खोटं बोलतोस."

"ओठ खोटं बोलत न्हाईत, रावशा."

तो हसला. डोके भादरल्यापासून मी त्याला प्रथमच हसताना पाहिले. "कडी पितळेची लावणार मी," तो म्हणाला. "लोखंडाची गंजते."

दुसऱ्या डावात बाजू बदलल्या. आता आमच्या वाड्यातली माणसे, वडील, हुपरीचे पाहुणे, सगळे आमच्या पाठीमागे आले. मला समोरचा चढाईपटू दिसत होता आणि त्याच्यापलीकडे अनोळखी चेहरे.

शेवटची चढाई आली तेव्हा सामना बरोबरीत होता. त्यांचा सगळ्यांत चपळ गडी आला. फटीशी झुलला, परत मागे गेला, माझ्या कोपऱ्यापाशी आला. मी त्याच्या पायांवर नजर लावली. हातात रावसाहेबचा हात होता. मग त्या हाताने मला दाबले. एकदा नाही, दोनदा नाही. एकच दाब, पण लांब, सगळ्या बोटांनी, आणि तो सैल होईचना. आमच्या हातांच्या भाषेत असा दाब नव्हता. मी त्याचा अर्थ लावतो आहे तोवर हात सुटला.

मी उजवीकडे पाहिले नाही. पाहता येत नव्हते; गडी अंगावर होता. माझा हात हवेत उघडा पडला होता आणि सगळे जग एकदम बंद झाले होते. तेवढ्यात चढाईपटू रेंगाळला, मान वळवली, पाठ माझ्याकडे केली. मला वाटले, हीच वेळ. मी झेप घेऊन त्याची कंबर धरली आणि पूर्ण ताकदीने त्याला जमिनीवर आपटले.

शिट्टी आधीच झाली होती. त्याचा दम तुटला होता, तो बाद झाला होता, आम्ही जिंकलो होतो. मान वळवून तो पंचांकडे बघत होता. त्याच्या कोपराचे हाड कातडीतून बाहेर आले.

पुढचे सगळे तोंडे उघडी असलेल्या माणसांचे आहे. पंचांनी मला बाहेर काढले आणि समोरच्या संघाला दंडाचा गुण दिला. पुन्हा बरोबरी झाली. जादा चढायांत आमचे सहा गडी, फट तशीच, कोपरा रिकामा. आम्ही हरलो. कारखान्याच्या माणसांनी त्यांचा एक गडी घेतला आणि आमचा भरमा. चष्मेवाला आप्पांना म्हणाला, "तो कोपऱ्यालगतचा पकडीला चांगला. पण ऐन वेळी साखळी सोडतो."

मी रावसाहेबला गाठले तेव्हा तो टोपी शोधत होता.

"हात का सोडलास?"

"घाम आलता." तो माझ्याकडे न बघता म्हणाला, मग मला दिसावे म्हणून तोंड वर करून पुन्हा म्हणाला, "घाम आलता. निसटला."

निसटलेला हात आणि सोडलेला हात मला वेगवेगळे कळतात. पण त्याने टोपी घातली आणि निघून गेला. दोन दिवसांनी तो भिवंडीला गेल्याचे कळले. काही वर्षे तिथल्या शेडमधून आलेली माणसे त्याला पाहिल्याचे सांगत. मग तेही कळेनासे झाले. मी त्यानंतर खेळलो नाही. दुसऱ्या कुणाचा हात धरून बघितला, पण तो नुसता हात होता.

माझे लग्न हुपरीच्या मालनशी झाले. पुढे नगरपालिकेच्या वाचनालयात नोकरी लागली. रावसाहेबचे नाव निघाले की घरात वडील उठून पाणी प्यायला जात. गावातही तो विषय निघाला की माणसे पाठ वळवून बोलत. आमच्या गावात बहिऱ्यापासून काही लपवायचे तर एवढेच करावे लागते. मला वाटे, माझ्यामुळे हरलो हे माझ्या तोंडावर बोलायला नको, म्हणून वळत असतील. वडील गेले. आप्पा गेले.

मागच्या हिवाळ्यात संघातली नवी मुले घरी आली. त्यांच्यात एक कमरेपासून लुळा होता, जमिनीवरून हातांनी सरकत खेळणारा. आणि एक मोहिनी नावाची होती, उंच, काचेच्या हिरव्या बांगड्या घातलेली. तिला तिच्या घरच्यांनी मुलगा म्हणून वाढवले आणि मग घराबाहेर काढले होते. ही मुले सगळ्यांना घेऊन सामने भरवणार होती. एका संघात असे आणि तसे, सगळे.

"काका, तुमची ती हातानं सांगायची रीत आम्हाला शिकवा," मोहिनी म्हणाली. "आमच्यात दोघं बहिरे आहेत. आणि साखळीत कुणी कुणाचा हात नाकारला तर संघ बाद, असा नियमच केलाय आम्ही."

तिने फलकासाठी शोधून काढलेला जुना फोटो दाखवला. रावसाहेब माझ्या शेजारी होता, केसांसकट.

"हे कोण? ह्यांनाही बोलवू या की."

"तो कुठं हाय ते ठाव न्हाई," मी म्हणालो. "त्यानं ऐन वेळी माझा हात सोडला."

मालन चहाचे कप घेऊन आली होती. ती थांबली. मुले चहा पिऊन गेली. मग तिने दार लावले आणि माझ्यासमोर, उजेडात तोंड येईल अशी, बसली.

"मामंजींनी शपथ घातलीती," ती म्हणाली. "ते गेल्यावर बी मी पाळली. आज तुम्ही त्या पोरीपुढं तसं बोलला, मला ऱ्हावलं न्हाई."

"काय?"

"मी हुते की त्या सामन्याला. तुमच्या पाठीमागं. पहिल्या डावात लोक रावसाहेबांनाच बोलत हुते. दुसऱ्या डावात तुम्हाला बोलाय लागले. दोघांची नावं जोडून. बहिऱ्याला बायको कशाला, हाय की त्याला, असं. माझा मामा उठला. चपला घातल्या त्यानं. मामंजी त्याचा हात धरून बसवत हुते, तो बसंना. मग मामंजी रेषेपाशी गेले."

मी तिच्या ओठांवरून नजर काढली नाही.

"ओरडले. तुम्हाला न्हाई, तुम्हाला कुठलं ऐकू यायला. त्यांना. सगळ्या मैदानानं ऐकलं. रावसाहेब वळून बघाय लागले मामंजींकडं. मग सोडला त्यांनी तुमचा हात."

"दादा काय म्हणाले?"

तिने पदराने तोंड पुसले, आणि ओठ झाकले गेले म्हणून पदर लगेच खाली केला.

"म्हणाले, 'लेकरा, माझ्या पोराचा हात सोड.'"

"परत म्हण."

"'लेकरा, माझ्या पोराचा हात सोड.'"

"लेकरा म्हणाले?"

"व्हय," मालन म्हणाली. "हात जोडून. लेकरा म्हणाले."

घरात ज्याला नावाने कुणी हाक मारत नव्हते, ज्याचे ताट उंबऱ्याबाहेर होते, त्याला त्या गलक्यात तो शब्द ऐकू गेला होता. त्यानंतर तो दुसरे काय करणार होता?